ओटी भरून घेतलेली सही

मला तक्रार समितीच्या अध्यक्षबाईंनी फसवलं. सुपरवायझरनं नाही. त्यानं जे केलं ते भर उजेडात, सगळ्यांसमोर केलं. बाईंनी केलं ते माझी ओटी भरून.

कळंबच्या बाहेर एका डाळ मिलमध्ये मी सोळा वर्षं तूरडाळ निवडली. खडे, टरफलं, काळे दाणे. सुट्टी झाली की बायकांनी फाटकाशी ओळीनं उभं राहायचं, पदर झटकून दाखवायचा, कमरेची पिशवी उलटी करायची. कुणी डाळ बांधून नेत नाही ना, ते बघायला. रोज चोर समजूनच घरी सोडायचे. त्याचीही सवय झाली होती.

मग नवा सुपरवायझर आला. म्हणाला, "झटकून काय कळतंय? हातानंच बघावं लागतंय." बाकीच्यांच्या पदराला हात लावून सोडून द्यायचा. माझ्यापाशी थांबायचा. कारण मी भांडखोर. शेडला पंखे मी भांडून लावून घेतले, संडासाला कडी मी बसवून घेतली. मला माझी जागा दाखवायची होती त्याला. एके दिवशी त्यानं माझ्या कमरेत बोटं घातली, पोटावरून फिरवली आणि मोठ्यानं म्हणाला, "हिच्याकडं माल लई हाय."

दोघी-तिघी हसल्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. आणि मी, मालकाशी तोंडाला तोंड देणारी, मुकी उभी राहिले. ओरडले असते तर म्हणाला असता, डाळ सापडली म्हणून बोंबलतीय.

दुसऱ्यांदाही गप्प बसले. तिसऱ्यांदा त्याचं मनगट धरून पिरगाळलं. आणि मिलच्या तक्रार समितीकडं तक्रार लिहून दिली.

अध्यक्षबाई मालकांच्या नात्यातल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मला बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. त्या म्हणाल्या, "प्रकरण वाढवलंस तर तुझंच नाव गावभर होईल गं. तो माफी मागेल. तुला बहीण मानून साडीचोळी करेल. बोल, अजून काय पाहिजे?"

अजून काय पाहिजे, असं कुणी विचारलं की मला राहवत नाही. मी दोन अटी घातल्या. फाटकावर झडती बाईमाणसानंच घ्यायची. आणि ह्याला आमच्या शेडवरून हलवायचं. बाई लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच कुणी हो म्हणालं की काहीतरी गडबड असते, एवढं मला कळतं. त्या दिवशी कळलं नाही. मी जिंकले असं वाटलं.

त्याच टेबलापाशी बाईंनी मला कुंकू लावलं. मी दोन्ही हातांनी पदर पसरला. तांदूळ, खण, नारळ, वर त्यानं आणून ठेवलेली साडी. तो समोर हात जोडून उभा. ओटी भरून घेताना कुठलीच बाई वाद घालत नाही. मान खाली घालते. तेवढ्यात बाईंनी कागद पुढं सरकवला. "कर सही. चांगलं काम झालं."

रेशनची पावतीसुद्धा मी दोनदा वाचते. तो कागद वाचला नाही. एका हातानं भरला पदर सावरत सही केली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर तोच. "ये गं बहिणी." हात पुन्हा तिथंच. मी ऑफिसात जाऊन कागदाची प्रत मागून घेतली. 'गैरसमजातून केलेली तक्रार स्वखुशीने मागे घेत आहे.' अट एकही नाही.

पंधरा दिवस तशीच कामाला जात राहिले. दमले होते. घरी सांगितलं तर म्हणतील, काम सोड. सोडून जायचं कुठं?

मग एक दिवस, नुकतीच कामाला लागलेली एक पोरगी फाटकातून बाहेर पडली आणि माझ्या शेजारी चालू लागली. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. चालता चालता पदर कमरेला घट्ट खोचला. मग म्हणाली, "मावशी, तुमाला साडी दिली म्हणं. मला काय देतील?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

जन्मभर मी घासाघीस केली. आणि या पोरीच्या अंगाला हात लावायचा भाव मीच ठरवून दिला होता. एक साडी, एक नारळ.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मी चार हात लांब थांबले. तिथूनच पदर झटकला. म्हणाले, "हात लावायचा न्हाय. बघायचं तर तिथनं बघ."

"बहीण ना तू?"

"न्हाय. कामगार हाय."

माझ्यामागून त्या पोरीनंही लांबूनच पदर झटकला. दुसऱ्या दिवशी दोघींना फाटकातून आत घेतलं नाही.

आम्ही एसटीनं धाराशिवला गेलो. जिल्ह्याच्या समितीकडं दोघींच्या वेगवेगळ्या तक्रारी दिल्या. या वेळी प्रत्येक ओळ वाचली, तिलाही वाचून दाखवली, मग सही. पोच घेतली.

त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. "ओटी भरली होती गं तुझी मी. त्याची तरी चाड ठेवायचीस."

मी दमलेय, बाई. तुमच्याशी फोनवर भांडायचं त्राण नाही. मला माफी नको, भाऊ नको. मला उत्तर पाहिजे. दोन अटी मी तुमच्यासमोर तोंडानं बोलले, तुम्ही कानानं ऐकल्या. त्या कागदावर का नाहीत? गैरसमज हा शब्द कुणाचा? जिल्ह्याच्या समितीपुढं या आणि त्या पोरीकडं बघून सांगा. तुम्ही येईपर्यंत प्रत्येक तारखेला मी तिथं बसलेली असेन.