तीनदा सांगितलेली सूचना

शिक्षक नसलेल्या तासाला आठवी ‘ब’ गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी वर्गातून चकार शब्द येत नव्हता, म्हणून मी दाराशीच थांबले. गोंधळ असला तर सरळ आत जावं, शांतता असली तर आधी कानोसा घ्यावा, एवढं नोकरीने मला शिकवलं होतं.

फळ्यापुढे एक शेलाटी मुलगी उभी होती. “मी थांबते. मला घाई नाही. घाई तुम्हाला आहे,” असं म्हणून तिने हातातल्या खडूने नाकावरचा चष्मा वर ढकलला. चष्मा नव्हताच, पण मला तो दिसला, कारण तो माझा होता. वाक्यही माझंच. पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. मग कुणाची तरी नजर दाराकडे गेली आणि हसू जागच्या जागी मेलं.

मी आत जाऊन खुर्चीवर बसले आणि तिला म्हटलं, “पुन्हा कर. माझ्यासमोर.”

तिने केलं. पहिल्यापेक्षा चांगलं केलं. मी तिला सांगितलं की एक चूक आहे, खडूची मागची बाजू वापरते मी, नाहीतर नाकावर पांढरा ठिपका पडेल.

“पडतोच, बाई,” ती म्हणाली. “रोज.”

अकरा वर्षं मी नाकावर ठिपका घेऊन शिकवत होते आणि शिक्षकांच्या खोलीतल्या एकाही मैत्रिणीने मला सांगितलं नव्हतं. मला हसू आवरेना. निघताना मी तिला एकच अट घातली: ज्याची नक्कल करायची, त्याला आधी दाखवायची, आणि त्याच्या तोंडावर करता आली तरच बाकीच्यांना.

ही अट ती इतकी मनावर घेईल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात ती मुख्याध्यापकांना त्यांची नक्कल दाखवून आली. ते हसले नाहीत. दोन दिवस ती वर्गाबाहेर उभी होती, आणि उभ्या उभ्या शिपायाची चाल शिकून घेत होती. अर्थात, त्याला विचारून.

वर्गात तिला ‘भोंगा’ म्हणत. हे नाव खरं तर तिच्या वडिलांमुळे पडलेलं. ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. कोणती बस कोणत्या फलाटावर, कोणती उशिरा, कोणती रद्द, हे भोंग्यावरून सांगणारा आवाज त्यांचा. गावातल्या प्रत्येकाने तो आवाज ऐकला होता, माणूस फार थोड्यांनी पाहिला होता. ऊन असो, पाऊस असो, आवाजात काडीचा फरक नाही. तिची आई ती चौथीत असताना गेली. वडिलांनी तिला आणि थोरल्या भावाला वाढवलं, आणि घरात भोंग्यापेक्षाही कमी बोलले.

कॉलेज संपल्यावर ती एका दंतवैद्याकडे नोंदणीच्या टेबलावर बसू लागली. भेदरलेल्या पेशंटना ती डॉक्टरांच्याच गोष्टी सांगायची, डॉक्टरांना आधी ऐकवून. डॉक्टर म्हणायचे की ही आल्यापासून ‘तोंड उघडा’ म्हणावं लागत नाही. तिच्या विनोदी कार्यक्रमांना पहिली जागाही त्यांनीच शोधून दिली. एका फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला होता तो. प्रेक्षक विक्रीच्या खुर्च्यांवर बसायचे, प्लॅस्टिक न काढलेल्या. माणूस हसला की प्लॅस्टिक कुरकुरायचं. ती मला सांगायची की कोणता विनोद लागला ते मी कानाने ओळखते, टाळ्यांचा भरवसा नाही, टाळ्या ओळखीचे लोकही देतात.

तिथून ती मोठ्या सभागृहांत गेली, मग चित्रपटांत. आधी नर्स, मग शेजारीण, मग एका मालिकेत थेट आई. तिच्या विनोदांवरून ओरडही होत राहिली. नगराध्यक्षांवर विनोद करायचा म्हणून ती त्यांच्या कचेरीत दोन तास रांगेत बसली आणि तो त्यांना ऐकवून आली. ते पोट धरून हसले, आणि संध्याकाळी त्यांच्याच माणसांनी तिचे फलक फाडले. तिने तेही कार्यक्रमात घातलं. तक्रारी झाल्या, अर्ज झाले, वर्तमानपत्रांत पत्रं आली. ती बधली नाही. प्रत्येक वेळी तिच्याकडे एक उत्तर असायचं: ज्यांच्यावर होता, त्यांनी आधी ऐकलाय.

एकदा मात्र हे उत्तर तिच्याकडे नव्हतं.

विनोद असा होता. आई गेली त्या दिवशी वडील दवाखान्यातून आले, दोन्ही मुलांना बाकावर बसवलं आणि स्थानकावरच्या आवाजात म्हणाले, “सर्व संबंधितांना कळवण्यात येते की आई परत येणार नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” सभागृह हसलं. पण कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाईलवर टिपला आणि दोन दिवसांत तो घरोघर पोचला. मेलेल्या आईची थट्टा करते, जन्मदात्याची लाज काढते, असं लोक म्हणू लागले. बस कर्मचाऱ्यांनी निषेधाची सभा घेतली. सभागृहांनी तारखा परत घेतल्या. मालिकेतली आई एके दिवशी माहेरी गेली ती आलीच नाही.

यातलं काहीच तिला फारसं लागलं नाही. लागलं ते वडिलांकडे राहणाऱ्या आत्याच्या फोनने. वडील आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते, आणि टीव्हीवर हिचा चेहरा आला की उठून आत जात होते.

ती माझ्याकडे आली. चहा निवून गेला तरी कप तसाच. म्हणाली, “बाई, त्यांना दाखवायचं धाडसच झालं नाही. एवढ्या वर्षांत आईचं नाव आम्ही घरात काढलेलं नाही.” विनोद कायमचा काढून टाकायचा, वाटलं तर कामही सोडायचं, इथवर ती आली होती. वडिलांनी तोंड फिरवलं तर बाकी जगाच्या हसण्याला काय चाटायचंय, म्हणाली.

मी तिला सांगितलं की उशीर झालाय, पण अट तीच आहे. सोबत येते, एवढं माझ्या हातात आहे.

दुपारी आम्ही गेलो. आत्याने दार उघडलं आणि टोमणा मारला, “ये, आई झाली, बाप झाला, आता भावाची पाळी का?” वडील खिडकीपाशी खुर्चीत होते. तिने काही समजावलं नाही, माफी मागितली नाही. समोर उभी राहिली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवलं. कुणीही हसलं नाही.

मग वडील म्हणाले, “चुकलंय.”

“कुठे?” तिने विचारलं.

“एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं मी. सूचना तीनदाच द्यायची असते. पहिल्यांदा माणसाला कळतच नाही, की हे आपल्याला सांगतायत. तुझ्या भावाला दुसऱ्यांदा कळलं. तुला तिसऱ्यांदा.”

ती खाली बसली. तेच पुढे म्हणाले की साध्या आवाजात सांगायला गेलो असतो तर पहिल्याच शब्दाला गळा भरला असता. त्या आवाजात भरत नाही.

“आणि ते गैरसोयीचं मी म्हणालो नव्हतो. ते तुझं आहे.”

“काढू का, बाबा?”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “राहू दे. म्हणायला हवं होतं.”

मग त्यांनी तिला उठवलं आणि तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला, तेव्हा म्हणाले, “असं नाही. पुन्हा.” संध्याकाळपर्यंत तालीम चालली. आत्या पदराने डोळे पुसत होती आणि मधूनच म्हणत होती की या घरात दोघंही सारखेच हट्टी.

चार महिन्यांनी एका सभागृहाने तारीख दिली. बाहेर बस कर्मचारी निषेधाला उभे होते. वडील त्यांच्या मधूनच चालत आत गेले आणि पहिल्या रांगेत बसले. जुन्या सहकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ज्यांना जागा मिळाली ते मागोमाग आत आले. तिने सूचना पहिल्यांदा दिली तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा थोडेच. तिसऱ्यांदा कुणीच नाही. आठशे माणसं, आणि खुर्ची कुरकुरेना. त्या शांततेत तिने वडिलांकडे बघून म्हटलं, “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” पहिले हसले ते वडीलच. मग जे सभागृह उठलं, ते बसायचं नाव घेईना. कर्मचाऱ्यांचा पुढारी तर शिट्ट्या वाजवत होता, कंडक्टरची शिट्टी.

तारखा परत आल्या. मालिकावाल्यांनीही आईला माहेरून आणायची तयारी दाखवली. तिने नको म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी एका चित्रपटात नायिका झाली. ओरड अजून होते. अलीकडे एका धर्मगुरूंना ती त्यांची नक्कल दाखवून आली. ते काय म्हणाले ते तिने अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

आता ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. आठवड्याला तिचे तीन कार्यक्रम असतात. वडील अठ्ठ्याहत्तरचे, पडदा उघडण्यापूर्वी मोबाईल बंद ठेवण्याची सूचना तेच देतात, आणि तीनदा देतात.