कोठीत दादर, दादरीत काय?

रविता माझ्या उंबरठ्याबाहेर उभी राहायची आणि माझ्या घरात कशाच्या आत काय आहे ते विचारायची. पेटीत काय, डब्यात काय, शिंक्यात काय. मी सांगितलं की वहीत लिहून घ्यायची. असं करणारं माणूस मी उभ्या जन्मात दुसरं पाहिलं नाही. चोर तरी विचारून लिहीत नाही. पण नव्या चोराची रीत नवी असेल, असं मला वाटलं.

ती माझी भाडेकरू. आमचं गाव ब्राह्मणपुरी. मुलगा आणि सून सुरतेला गेले तेव्हापासून ओसरीच्या डाव्या हाताची खोली रिकामी पडली होती. रविता शहाद्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. मूळची धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरची. जीप सोडली की पुढे तासभर चालावं लागतं तिथली. मी विचारलं, "शहादामा खोली भेटनी नही का?" ती शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलायची. म्हणाली, "भेटते आजी, पण शेजारी टीव्ही मोठ्याने लावतात. मला अभ्यास करायचा आहे." नर्स होऊन पगार घेणाऱ्या मुलीला अजून कसला अभ्यास? माझा संशय तिथून सुरू झाला.

बुटकी, काटक पोर. चालायची भराभर, पण पायाचा आवाज नाही. मला ते आवडायचं नाही. घरात माणूस आलं की कळलं पाहिजे. सकाळी न सांगता ओसरी झाडायची, आणि झाडूची रेघ बरोबर उंबरठ्यापाशी थांबायची. मी तिला आत येऊ दिलं नव्हतं. भाडेकरूने दुसऱ्या दाराच्या आत यायचं नाही हा आमच्या घरचा जुना नेम, आणि रविता डोंगरातली, म्हणून माझ्या मनात तो जरा जास्तच पक्का. तिचा पाण्याचा माठही वेगळा होता. आता हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

तिला मी एकदा चिडून म्हटलं, "मन्हा डबामा काय शे, तुले काय करनं व?"

ती म्हणाली, "विचारलं म्हणजे घेतलं नाही, आजी."

हे तिचं नेहमीचं वाक्य. दवाखान्यात डॉक्टरला औषधाचं कारण विचारायची, एसटीच्या कंडक्टरला विचारायची की गाडी आज इकडून का नेली. कोणी खेकसलं की हेच. दुसरं एक वाक्य होतं, ते चालण्याबद्दल. मी म्हणायचे, इतक्या लांबून घरी कशी जातेस ग. तर म्हणायची, "चढण मोजली की लांबते."

दुपारी ड्यूटी नसली की ती ओसरीवर बसून मोबाइल भिंतीला टेकवायची आणि त्यात बोलायची. समोर एक गोरटेली, बारीक डोळ्यांची मुलगी. दोघी कधी एक भाषा बोलायच्या, कधी दुसरी, मध्येच खदखदा हसायच्या. मधूनच रविता मोबाइल उचलून माझ्या घराच्या आतल्या बाजूला फिरवायची. दारातून माझी पेटी, फडताळ, पत्र्याची कोठी सगळं दिसायचं.

शेजारच्या सुमनने हे पाहिलं. सुमन माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण संशयात माझ्यापेक्षा मोठी. भिंतीवरून म्हणाली, "व बोय, ती कोनले दखाडी ऱ्हायनी तुन्हं घर?"

"माले काय माहीत?"

"टोळी ऱ्हास त्यासनी. एक पोर मझारनं दखाडस, बाकीना नंतर येतस."

मी रविताला सरळ विचारलं. तिने सांगितलं की ती जर्मन शिकते आहे. परीक्षा पास झाली तर जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नर्सचं काम मिळेल. मोबाइलमधली मुलगी लिन, व्हिएतनामची, तीही त्याच कामासाठी जर्मन शिकते. मोबाइलवरच्या क्लासच्या बाईंनी दोघींची जोडी लावून दिली होती. "तिला मराठी येत नाही, मला तिचं येत नाही. दोघींना थोडं थोडं इंग्रजी येतं. त्यातून जर्मन करतो. करता करता एकमेकींचंही शिकतो."

"तठे म्हाताराले सांभाळाले घरनी मानसं नही का?" मी म्हटलं.

"इथे तरी कुठे आहेत?" ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. माझा मुलगा सुरतेला, हे तिला माहीत होतं. मला राग आला. पण खोटं काय बोलली?

तरी माझा विश्वास बसला नाही. जर्मन शिकायला माझ्या घरातले डबे कशाला लागतात?

आता खरी गोष्ट सांगते. माझी पाटली आणि सोन्याची पोत फडक्यात बांधून मी दादरीच्या कोठीत ठेवते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. सासूही तिथेच ठेवायची. वर लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, पाला टाकायचा; त्याने किडा लागत नाही आणि कोणी हातही घालत नाही. बँकेत ठेव म्हणून मुलगा सांगून थकला. बँकेत माणसं येतात-जातात. कोठीत माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

एका सकाळी रविता ड्यूटीला गेली आणि वही ओसरीवर राहिली. मी उचलली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मराठी अक्षर मला लागतं. पानावर चार रकाने. पहिल्यात मराठी, मग इंग्रजी, मग जर्मन, मग लिनची भाषा. सगळे उच्चार आपल्या अक्षरात लिहिलेले. एकच गोष्ट किती परीने लिहिली होती! आत, म्हणजे इनसाइड, म्हणजे ड्रिनन, म्हणजे बेन ट्राँग. खाली यादी. पेटीत लुगडी. डब्यात डाळ. शिंक्यात तूप. टोपलीत कांदे. मग ओळ होती: कोठीत दादर. आणि तिच्याखाली: दादरीत काय?

मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

तिला कोणी सांगितलं? मी कधी बोलले? पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं: आजी आत आहेत. मी ओसरीवर आहे. तेही चार भाषांत. म्हणजे कोण कुठे असतं तेसुद्धा हिने लिहून ठेवलं, असं माझ्या मनात आलं. मी ती वही आत नेली आणि कोठीत दादरीच्या खाली खोल खुपसली, पोतीच्या फडक्याला लागून. आमच्या घरात जे कोणाच्या हाती लागू द्यायचं नाही ते तिथेच जातं. दुसरी जागा सुचली नाही.

ती संध्याकाळी आली. खोली उलटीपालटी केली. मग उंबरठ्याशी येऊन उभी राहिली. "आजी, माझी वही पाहिली का? चार दिवसांनी पुण्याला परीक्षा आहे."

"वही? मी काय तुन्ही वही खाऊ का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं नाही. एरवी सगळ्या जगाला विचारणारी पोर, त्या दिवशी नुसती खोलीत परत गेली. सुमनला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "चांगलं करं. आते दखाड म्हना."

दुसऱ्या दिवशी रविताने सुट्टी घेतली. लिनच्या वहीचे फोटो मोबाइलवर मागवून ती नव्या कागदांवर उतरवत बसली. मी भाकऱ्या थापत होते, पण लक्ष तिकडे. तेवढ्यात लिन स्वतःच मोबाइलमध्ये आली आणि तिचं घर दाखवू लागली. मी पदराने हात पुसत दारापर्यंत आले. लिन एकेक बरणी उघडून आत काय ते तीन-तीन भाषांत बोलत होती. मोठ्या मडक्यात तांदूळ. कपाटात वाट्या. मग तिने मोबाइल फिरवला, तर कोपऱ्यात एक म्हातारी बसलेली. अंग माझ्यासारखंच वाळलेलं. ती लिनकडे अशी रोखून बघत होती, जशी मी रविताकडे बघते. लिनने तांदळाच्या मडक्याकडे बोट करून काहीतरी विचारलं, तर म्हातारीने मडक्यावर झाकण आपटलं आणि तोंड फिरवलं.

रविता हसली. "आजी, बाईंनी सगळ्यांना हाच गृहपाठ दिला. घरातल्या वीस वस्तू. आधी आत काय ते सांगायचं, मग त्याच्याही आत काय ते विचारायचं. जर्मनमध्ये आत असणं वेगळं आणि आत जाणं वेगळं, ते लवकर पक्कं होत नाही. लिनची आजीही चिडते."

मी आत येऊन चुलीपुढे बसले. भाकरी करपली.

तेव्हाच वही काढून द्यायला हवी होती. दिली नाही. द्यायची तर म्हणायचं काय? आणि खरं सांगायचं तर संशय एका दिवसात जात नाही. ती पुण्याच्या गाडीला गेल्यावर मी कोठी उपसली, वही झटकली आणि तिच्या खाटेखाली टाकली.

ती नापास होऊन आली. लिहायचं जमलं, बोलायचं राहिलं. म्हणाली, "समोरच्या बाईने आतलं-बाहेरचं विचारलं आणि माझं सगळं उलटं झालं." वहीमुळे झालं की भीतीने, मला माहीत नाही. मी स्वतःला सांगितलं, भीतीने. ती खोलीत गेली. थोड्या वेळाने वही हातात घेऊन बाहेर आली. "खाटेखाली होती," एवढंच म्हणाली. पुन्हा बसायला तीन महिने होते. त्यात पास झाली तर जर्मनीतली जागा राहणार होती, नाहीतर दुसऱ्या कोणाला जाणार होती.

दुसऱ्या दिवशी ती ओसरी झाडत उंबरठ्यापाशी आली आणि थांबली. मी म्हटलं, "मझार ये. उभी कितली ऱ्हाशी?"

ती आली नाही. तिला वाटलं मी टोमणा मारते आहे. मी तिच्या हातातला झाडू ओढून घेतला आणि पाट मांडला, तेव्हा आली. आली ती पावलं जपून टाकत, जशी देवळात येतात. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "वही आन."

मग तीन महिने तिने चिठ्ठ्या लिहून माझ्या सगळ्या डब्यांना, पेटीला, कोठीला चिकटवल्या. मी भाकरी थापायची आणि मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. चुकलं तर मी वहीत बघून "खोटं" म्हणायचं. मास्तरीण व्हायला चौथी पुरते. तिने पाचवा रकाना आखला आणि 'आत'साठी आमच्या अहिराणीतलं मझार लिहिलं. तिच्या घरच्या बोलीतलाही शब्द सांगितला होता. तो माझ्याकडून चुकीचा लिहिला जाईल म्हणून इथे लिहीत नाही. लिनला मझार फार आवडला. ती माझ्याकडे बघून मोबाइलमधून "मजाऽर" ओरडायची. लिनची आजी मात्र माझ्याशी कधी बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

सुमनने भिंतीवरून विचारलं, "आते भाकर बी तीच थापस का व?"

"हो, थापस. तुन्हापेक्षा पातळ थापस."

सुमन महिनाभर बोलली नाही. वेगळा माठ मी एके दिवशी उचलून तुळशीला ठेवला. दुसऱ्या सकाळी रविताने माझ्याच माठातून तांब्या भरला. त्या सबंध काळात पाटली-पोत कोठीतच होती, आणि रविता रोज त्या कोठीला टेकून बसायची. ती दवाखान्यात गेली की मी आठवड्यातून एकदा हात घालून बघायचे. हेही लिहून टाकते.

दुसऱ्या वेळी ती पास झाली. जायच्या दिवशी मी शहाद्याच्या स्टँडपर्यंत गेले. तिचे आईबाप धडगावहून आले होते. बाप एका पिशवीत मोहाची फुलं बांधून घेऊन आला होता आणि ती विमानात नेता येतील का, हे तिला विचारत होता. आई माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. रविता गाडीत चढली, परत उतरली आणि वही माझ्या हातात दिली.

"माले काय करनी?" मी म्हटलं.

"ठेवा आजी. कुठे ठेवायची ते तुम्हाला माहीत आहे." मग जरा वाकून, आईबापाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मागे खाटेखाली सापडली ना, तेव्हा वहीत लिंबाचा पाला होता. आमच्याकडेही दाण्यात लिंबाचाच पाला टाकतात."

गाडी सुटली. मी वही पदराखाली धरून धूळ बसेपर्यंत तिथेच उभी होते.

म्हणजे वही कोणी घेतली ते तिला तीन महिने माहीत होतं. कुठे ठेवली होती तेही. आणि वही जिथे दडवली जाते तिथे आणखी काय असेल, हे न कळायला ती काही वेडी नव्हती. सगळं माहीत असून ती रोज त्याच कोठीला टेकून माझ्यापुढे धडा म्हणत होती.

एवढं कळल्यावर दुसरं कोणी रडलं असतं. मी घरी आले आणि आधी कोठीत हात घातला. पाटली होती. पोत होती. फडक्याला मी मारलेली गाठही तशीच होती.

मग मी तिची वही त्या फडक्यावर ठेवली, वर दादर लोटली आणि लिंबाचा ताजा पाला टाकला. कोठीवरची जर्मन चिठ्ठी अजून आहे. सुमन आली की वाचायला बघते आणि विचारते, काय लिखेल शे. मी सांगत नाही.