उतरवलं कोणी?

हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला अख्खं हँगर वहिनी म्हणायचं. तिचा सख्खा दीर तिथेच पायलट. त्याने मारलेली हाक सगळ्यांच्या तोंडी बसली. बावीस वर्षं तिच्या हातात पाना होता, आणि तो कोणाच्या मेहेरबानीने आलेला नव्हता. एकेक परीक्षा देऊन मिळवला होता तिने.

तिथली एक रीत होती. जो डोक्यावरच्या पंख्याची पाती बसवील, तो पहिल्या उड्डाणात आत बसेल. लिहिलेली कुठेच नाही, पण मोडणाऱ्याला तोंड दाखवायला जागा नसे. वहिनीने ती कधी मोडली नव्हती.

त्या सकाळी नवी पाती चढली. थरथर किती उरलीय ते आता हवेत मोजायचं होतं. दुपारी भाड्याने घेणारी पार्टी येणार, म्हणून मालक घड्याळाला चिकटलेला.

"चला वहिनी, चढा," त्याने घाई केली.

वहिनीने हात पुसले आणि दिराकडे पाहिलं. त्याच्या मनगटाचं प्लास्टर निघून जेमतेम आठ दिवस झाले होते.

"भाऊजी, शेवटचं कधी उडालात?"

"मागच्याच महिन्यात की! बदली पायलटबरोबर."

"हात गळ्यात अडकवून शेजारी बसला होतात. उतरवलं कोणी?"

दिराने मनगट चोळलं. नियम त्यालाही पाठ होता. गेल्या नव्वद दिवसांत स्वतःच्या हाताने तीनदा उचलून तीनदा उतरवलं नसेल, तर दुसऱ्या माणसाला घेऊन उडायचं नाही. त्याला एकशे बारा दिवस झाले होते. शेजारी बसून केलेली सफर तो आपल्या खात्यावर धरून बसला होता.

मालक उसळला. "तो नियम प्रवाशांसाठी! तुम्ही कामावर आहात."

"कामावर आहे म्हणून पडल्यावर कमी लागेल का मला? थरथर मोजायचं यंत्र सीटला बांधलंय, आकडे तेच टिपेल. मी खाली वाचते."

"सरळ सांगा ना, स्वतःच्या कामावर भरवसा नाही! आज चढला नाहीत तर उद्या येऊ नका."

हँगरमधली ठोकाठोक थांबली. वहिनीचे कान तापले. त्यात दिराने हळूच विचारलं, "वहिनी, पाती नीट आहेत ना?"

मालकापेक्षा हे जास्त लागलं.

"पाती माझी, त्यांची खात्री मी देते. हात तुमचे, त्यांची तुम्ही द्या. एकट्याने तीनदा उतरवून दाखवा. चौथ्याला मी बसले नाही तर उद्याचं कशाला, आत्ताच घरी जाते."

तो एकटा गेला. उचललं छान. उतरताना मात्र हेलिकॉप्टर बाजूला घसरलं, खालच्या दोन दांड्यांपैकी डावी आधी टेकली आणि अख्खं धूड कलंडायला आलं. शेपूट कुंपणाच्या रोखाने फिरलं. वहिनीच्या मुठीतल्या फडक्यातून तेल निथळलं. धूड आदळून कसंबसं सरळ झालं.

"तुमची पाती—" मालक पुटपुटला.

"मनगट आहे ते," ती नजर न हलवता म्हणाली.

दुसऱ्यांदा नुसताच दणका बसला. तिसऱ्यांदा भरली कळशी ठेवावी तसं त्याने ते अलगद टेकवलं.

दार उघडलं. दिराचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"वहिनी, मघाशी आधी टेकली ती तुमची बाजू होती."

"दिसलं मला. सरका, पट्टा लावू द्या."

मालकाने तोंड उघडलं. "उद्याचं खाली आल्यावर बोलू," म्हणत तिने दार ओढून घेतलं.

थरथरीचे आकडे नियमात आले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला हजर होती, आणि मालकाने काम मागायला आलेल्या एका नव्या पायलटला पहिलाच प्रश्न केला, "शेवटचं उतरवलं कोणी?"