राखून ठेवलेला पिचर

माझ्या सातवीच्या वर्गात एलियो नाकाशिमाचं कोपर सारखं शेजारणीच्या वहीवर जायचं. पोरगा डावखुरा आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी त्याला बाकाच्या डाव्या टोकाला हलवलं. त्याच डाव्या हाताने तो ब्राझीलमधल्या बास्तोस या आमच्या जपानी वस्तीच्या गावातल्या क्लबसाठी बेसबॉल टाकायचा, आणि मोठी माणसंसुद्धा हवेतच बॅट फिरवायची.

सोळाव्या वर्षी त्याची ब्राझीलच्या संघात निवड झाली. त्या वयोगटात नियम असा, की पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, ठरावीक चेंडू टाकले की पुढचे काही दिवस सक्तीची विश्रांती. म्हणून प्रशिक्षक हामासाकींनी पनामातल्या स्पर्धेत एलियोला उपांत्य सामन्यासाठी राखून ठेवलं. ब्राझील तिथवर पोचलंच नाही. एलियो एकही चेंडू न टाकता परतला.

"काय पर्यटक, कालवा बघितलास का?" बेकरीवाल्या वाल्दिरने विचारलं. एलियो हसला.

पुढच्या वर्षी मेक्सिकोतही तेच. वाल्दिरने पुन्हा तोच 'पर्यटक'चा विनोद केला. या वेळी एलियो पाव न घेताच निघून गेला.

"माझं पोर काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?" त्याची आई, दोना सुमिये, माझ्यापाशी कडाडली.

तिसरी स्पर्धा निकाराग्वात होती, त्या वयोगटातली त्याची शेवटची. एलियो आधीच हामासाकींना म्हणाला, "सेन्सेई, मला पहिल्याच सामन्यात घ्या. देशाचा शर्ट घालून एकदा तरी टाकू दे."

"अरे, तुझ्यावरच तर सगळी मदार! तू क्युबाविरुद्ध."

क्युबाशी गाठ पडायच्या आधीच ब्राझील कोलंबियाकडून हरलं.

"मी कुंपणामागे हात मोकळा करत होतो, बाई," परत आल्यावर तो मला म्हणाला. "ऐंशी चेंडू टाकले. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही."

दोन वर्षांनी मोठ्यांच्या संघाचं बोलावणं आलं. प्रशिक्षक पुन्हा हामासाकीच. मीही म्हटलं, "जा रे, आता तरी टाकायला मिळेल."

"विचारतो ना," तो म्हणाला, आणि माझ्यासमोरच त्याने फोन लावला. "सेन्सेई, मी कुठल्या सामन्यात टाकणार?"

पलीकडचं उत्तर मलाही ऐकू आलं. "ते तिथे गेल्यावर बघू रे. तू आधी ये तर."

"मग मी येत नाही," एलियो म्हणाला. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचा राग आला, आणि हामासाकींचा त्याहून जास्त.

आता तो पंचवीस वर्षांचा आहे. रविवारी क्लबकडून खेळतो, आणि आठवड्यातून तीनदा अंड्यांचा ट्रक घेऊन साओ पाउलोला जातो.