शेवट आधी वाचला तेव्हा

आत्ता मोसंबी सोलायला घेतली, सालीचा कडसर-गोड वास बोटांना लागला आणि बाळांनो, मी थेट सत्तरच्या दशकातल्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये जाऊन बसले. तेव्हा मी जालन्याहून बदनापूरच्या शाळेत शिकवायला जात असे. बायकांच्या डब्यात रोजची मंडळी मोसंबी सोलत, फोडी वाटत, खळखळून हसत. मी इंग्रजी शिकून नवीनच नोकरीला लागलेली. माझ्याशी मात्र सगळ्या जपून, बेतानं बोलत. मला त्या हसण्यात जागा हवी होती.

हसण्याच्या मधोमध असे एक पुस्तक. जालन्यात मस्तगडच्या वाचनालयातून भाड्यानं आणलेली, हातोहात फिरून शिवण उसवलेली रहस्यकथा. एकदा तिचे दोन तुकडे झाले आणि मागचा माझ्या वाट्याला आला. घरी तोच वाचून काढला. खुनी कोण ते कळलं. खून कुणाचा झाला, ते मात्र कळेना!

दुसऱ्या दिवशी गाडीत आमच्यातल्याच, दवाखान्यातल्या नर्सबाई पुढचा भाग मोठ्यानं वाचू लागल्या. प्रत्येकीचा संशय वेगळ्यावर. मी बोलले असते तर सगळ्यांची मजा गेली असती, आणि गप्प राहिले तर पुन्हा मीच शिष्ट ठरणार होते. मी खिडकीबाहेरची ज्वारी बघत बसले.

"बाई, तुम्ही काहून गप?" नर्सबाईंनी पुस्तक मिटलं. "शेवट वाचून आल्या ना?"

"न्हाई," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"बघा, खोटं बोलून राह्यल्या! थांबा, आता बराबर काढते. माळी?... वकील?... पुतण्या?... हां! पुतण्या म्हणताच बाईंनी पदर सावरला!"

"मंग पुतण्याच!" पलीकडून कुणीतरी टाळी वाजवली. अख्खा डबा हसला आणि माझंही हसू फुटलं. बदनापूर येईपर्यंत माझ्या ओंजळीत चौघींनी फोडी ठेवल्या होत्या.

रहस्यकथा परक्या मुलखातल्या मोठ्या शहरांत जन्मली, असं मी कॉलेजात शिकले होते. असेलही. पण मला वाटतं, लाडवांचा रिकामा डबा पाहून कुण्या आईनं पहिल्यांदा मुलांचे चेहरे निरखले, तेव्हाच ती जन्मली असावी. म्हणून तर उत्तर ठाऊक असूनही ती पुन्हा वाचावीशी वाटते. गुन्हेगार सापडण्यापेक्षा, कुणीतरी माणसाकडे इतकं लक्ष देऊन पाहतंय, याचंच सुख मोठं असतं.

त्या पुतण्यानं खून का केला, ते आज मला आठवतही नाही. त्या मैत्रिणी कुठे कुठे पांगल्या. पाहण्याची सवय तेवढी उरली. फोनवर तुम्ही "आजी, जेवलो गं" म्हणता ना, तेव्हा 'जेवलो'च्या आधी किंचित थांबता. जेवला नाहीत, ते मला तिथंच कळतं. मग तुमच्या आईला सांगते, पोरांना डबाभर लाडू पाठव.