बाबांचं इटलीचं सरकार

फुटबॉलच्या विश्वचषकापायी दोहातला एकेक रस्ता खणून ठेवला होता, त्या वर्षी बाबा नाशिकहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई जाऊन सहा महिने झाले होते. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांचा लाडका विषय कुठला, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इटलीतलं एक आघाडी सरकार! डावे-उजवे गळ्यात गळे घालून सत्तेवर आले आणि शंभरेक दिवसांत रेल्वेच्या प्रश्नावरून पडले. आता हे कुणाला ऐकायचंय? पण अल मन्सूरा भागातल्या आमच्या मराठी मंडळाने चक्क त्यांचं व्याख्यान ठरवलं. बाबा रोज आरशासमोर तयारी करू लागले. आई गेल्यावर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे इस्त्रीचा शर्ट मागितला.

मंडळातही आघाडीच होती म्हणा. पुणेकर, नाशिककर, रत्नागिरीकर. कुणी रुसू नये म्हणून आमच्या शहाण्यांनी प्रत्येकाला पद वाटलं. चार उपाध्यक्ष, दोन सचिव, माइकप्रमुख, चहाप्रमुख. सतरंज्या घालायला मात्र एक माणूस उरला नाही. "उपाध्यक्षाने सतरंजी घालायची?" यावर तासभर भांडण झालं आणि तिघांनी बाणेदारपणे राजीनामे दिले. खलास! इटलीवाले शंभर दिवस तरी टिकले, आमचे महिनाभरही नाहीत. व्याख्यान रद्द झालं.

"असू दे गं," बाबा म्हणाले आणि शर्टाची घडी कपाटात ठेवली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

परतीच्या दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघाले. त्यांच्या अंगात तोच शर्ट होता. मागच्या सीटवर माझी लेक, कानात इअरफोन. डायव्हर्जनमागून डायव्हर्जन घेत मुशैरिबपाशी गाडी ठप्प झाली.

"बाबा, सांगा आता तुमचं सरकार," मी म्हटलं.

ते लाजले. मग घसा खाकरून थेट "उपस्थित श्रोतेहो" पासून सुरू झाले. थोड्या वेळाने लेकीने इअरफोन काढले.

"बट व्हाय रेल्वेज, आजोबा?"

"शाबास! मुद्द्याचं विचारलंस!" बाबा असे खुलले, की मला रडूच आलं.

विमानतळाची पाटी दिसली तेव्हा सरकार पडायचं बाकी होतं. हाताशी अजून वेळ होता. ज्या डायव्हर्जनला मी वर्षभर शिव्या घातल्या, त्याच्यातच मुद्दाम पुन्हा गाडी घातली. बाबांनी मागे पडलेल्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोलत राहिले.