धाकट्याची झोप

कळंबच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत बसलो तेव्हा धाकटा भाऊ नवनाथ अकरावीत होता. ज्वारीच्या पिठाचं गाठोडं त्यानंच खिडकीतून आत ढकललं. आबा, म्हणजे आमचे वडील, एवढंच म्हणाले, "संगत बघून धर. शहर माणसाला खातं." त्याला अठरा वर्षं झाली. शहरानं मला खाल्लं नाही. भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून भांडतो.

नवनाथनं गावात मळणी मशीन घेतली. सोयाबीन काढलं की पावसाच्या आत रास घरी यावी म्हणून सगळ्यांना एकदमच मळणी हवी असते. मागच्या हंगामात तो सलग दोन-तीन रात्री न झोपता मशीन चालवू लागला. दिवस नवरात्राचे. तो ताटावर बसेना, तेव्हा आईला वाटलं, पोरानं कडक उपास धरलाय. भावकीतली एक चुलती तर त्याच्या पाया पडून गेली. आबा मला फोनवर म्हणायचे, "धाकटा रातरात डोळा लावत न्हाय. तू आठ तासाच्या ड्युटीनं दमतोस व्हय रं?" हे मी कारखान्यात कौतुकानं सांगायचो.

दसरा झाला, मशीन उभी राहिली, तरी तो झोपेना. दात खायचा. विहिरीवर कुणीतरी कॅमेरा लावलाय म्हणायचा. एक दिवस छातीत धडधडायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं; मीही पुण्याहून पोचलो. नाडी १४८, वजन ६९ वरून ५२. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं: एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर. जाग राहावी म्हणून पहिली पुडी ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरनं दिली होती. ड्रायव्हर आमच्याच शिवारातला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. ही रसायनांची पावडर. तिच्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिनं थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. भार हृदयावर पडतच राहतो. भास होतात, संशय येतो, आणि तरण्या माणसालाही झटका येऊ शकतो. हिची सवय तोडणारी एखादी खात्रीची गोळी नाही. समुपदेशन, वेळ, आणि त्या संगतीपासून लांब राहणं.

आपण बाहेर पडलेले लोक पोरगं बिघडलं की गावाकडं धाडतो. मी गावातून भावाला पुण्यात आणला.

आता त्याचं वजन ६३ आहे. यंदाचं सोयाबीन काढणीला आलं आणि त्याचा फोन वाजायला लागला. त्यानं पिशवी भरली. "दादा, माझ्याबिगर मशीन कोण चालवणार?" मी आबांना फोन लावला, स्पीकरवर. आईनं त्यांच्या हातून फोन घेतला.

"मशीन इकली म्हणून सांग त्याला. अन् दिवाळीलाबी आणू नगंस. आमीच येतो तिकडं."

नवनाथनं पिशवीतला एकेक कपडा काढून कपाटात ठेवला.

गावाकडच्यांनो, तुमच्याकडं न झोपणाऱ्या, न जेवणाऱ्या पोराचं कौतुक चालू असेल तर आधी त्याला दवाखान्यात न्या. आणि घर कुठं म्हणाल, तर नवनाथ भरदुपारी घोरत पडला तरी जिथं त्याला कुणी आळशी म्हणत नाही, ते. आबासुद्धा.